प्रेमिलाची वाटी

वच्छला रामटेकेच्या वर्गात पहिल्या दिवशी पोरींना वाटायचं, ही बाई आपल्याला शिक्षा करून राहिली. ती त्यांना रांगेनं उभं करायची अन् म्हणायची, "हात मांगं घ्या. ओढणीनं एकमेकीचे बांधा. हं. आता लेकराले पाजून दाखवा."

समोर खुर्चीवर एखादी पोरगी आई बनून बसलेली. ब्लाउजवर लुगड्याच्या जुन्या कापडाची शिवलेली छाती बांधलेली, मांडीवर चिंध्यांचं लेकरू. अन् शिकायला आलेली नर्स तिच्यासमोर चोरासारखी, हात पाठीमागं.

"ताई, हात बांधून कसं पाजावं?"

"तू पाजतं का? तुले पान्हा आला का वं?"

सगळ्या खिदळायच्या. वच्छला हसू द्यायची, मग बोलायची. "पाजते ते माय. तुहं काम तोंडाचं हाय, हाताचं नाही. नर्सेले घाई रायते. एका हातानं लेकराची मान धरते, एका हातानं बाईची छाती, अन् कोंबते, बोऱ्यात कापूस कोंबल्यावानी. लेकरू रडते, माय रडते, अन् नर्स बाहीर येऊन सांगते, हिले दूधच नाही. दूध हाय. तुले धीर नाही."

मग ती तोंडानं सांगून दाखवायची. पोटाला पोट लाव. लेकराचं नाक बोंडासमोर येऊ दे. त्याला आ करू दे, मोठा आ, नुसतं बोंड नाही, भोवतालचं काळंही तोंडात गेलं पाहिजे. आता कान दे. गट्टकन आवाज आला का? आला तर ते पिऊन राहिलं. नाही आला तर नुसतं चघळून राहिलं. एवढं सगळं हात न लावता. ज्या पोरीला हे जमलं तिची ओढणी सोडायची.

वच्छला सावनेर तालुक्यातल्या एका बारक्या गावची. घरी वावर नव्हतं, एक म्हैस होती, अन् म्हशीवर घर. म्हैस व्याली की तिचा बाप पहिला चीक वगारीला पाजायचा, तिचं पोट भरून उरला तर घरात खरवस. वगारीच्या तोंडचं काढून खाल्लेलं बापाला खपत नव्हतं. पुढे नर्स होऊन वच्छला खेड्यांत फिरली तेव्हा तिला दिसलं, म्हशीला आहे तो न्याय बाईला नाही. बाळंतिणीचा चीक राखेत पिळून टाकायचे अन् लेकराच्या तोंडात गुळाच्या पाण्याचा बोळा. ती सासवांना तोंडावर विचारायची, "वगारीले चीक अन् नातवाले गुळपाणी? काहून वं, नातू वगारीपक्षा सस्ता हाय का?" सासवा शिव्या द्यायच्या. पण पुढच्या बाळंतपणात राख कोरडी राहायची.

तिला स्वतःचा पोरगा झाला तेव्हा ड्यूटी सुटत नव्हती. ती दूध पिळून स्टीलच्या वाटीत काढून ठेवायची, अन् तिची माय ते चमच्या-चमच्यानं नातवाला पाजायची. पोरगा वाढला, आता पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात आहे. नवरा मागेच गेला. पण तेव्हापासून तिचं बाटलीशी वैर जडलं ते जडलं. धुवायला अवघड, रबराच्या बोंडात घाण बसते, अन् लेकराला फुकटची सवय लागते. ज्याला अजून ओढता येत नाही त्याला वाटी-चमचा. वाटीवर तिचा भारी विश्वास.

सरकारी नोकरीतून सुटल्यावर कामठी रोडवरच्या एका खाजगी प्रसूतिगृहाच्या मॅडमनं तिला बोलावून घेतलं. दारात पाटी लागली, 'येथे बाळाला फक्त आईचे दूध'. दवाखान्याच्या नर्सा तर शिकायच्याच, पण सावनेर, कन्हान, मौद्याकडूनही सरकारी नर्सांच्या तुकड्या वच्छलाकडे यायच्या. मॅडमला त्याचा अभिमान होता. पाहुणे आले की मॅडम पहिले वच्छलाच्या वर्गात आणायच्या, मग ऑपरेशन थेटर दाखवायच्या.

या सगळ्या पोरींत पिंकी एकच. कन्हानची, बाप कोळशाच्या खदानीत. नर्सिंग करून आली तेव्हा बोलायला फाटकी अन् कामाला वाघ. दाराशी उभी राहून तिला कळायचं, कोणतं लेकरू गिळून राहिलं अन् कोणतं चघळून राहिलं. वच्छलानं तिला इंदोऱ्यातल्या आपल्या घरची मागची खोली दिली. भाडं काही घेत नव्हती. दोघी एका ताटात जेवायच्या म्हणा. वस्तीतल्या बाया वच्छलाला विचारायच्या, "पोरगी कोनाची वं?" वच्छला म्हणायची, "मी नाही व्याली, पन माहीच."

अन् वर्गात ती उघड सांगायची, "माह्यामांगं हे पोट्टी शिकवन. मले काही चिंता नाही."

*

प्रेमिला आली ती उन्हाळ्यात. खाप्याची, नवरा गोविंदा मँगनीजच्या खदानीत मजुरीला. तिचं हे दुसरं बाळंतपण. पहिला पोरगा बाटलीवर होता. सासूनं सांगितलं हिला दूध येत नाही, बाटली आली, पाणी कधी उकळलं, कधी नाही, अन् पावसाळ्यात लेकराला हगवण लागली ते लेकरू हातचं गेलं. म्हणून यावेळी ती हट्टानं नागपूरला आली होती. खाप्याच्या आशा बाईनं तिला वच्छलाचं नाव सांगितलं होतं.

पोरगी दिवस भरायच्या आधी झाली. मुठीएवढी. ओढायची, दमायची, झोपी जायची. प्रेमिलानं वच्छलाचा पदर धरला.

"ताई, हे बी जाईन का?"

"चूप. असं नाही बोलत."

"मले बाटली नको ताई. घरी गेलं की सासू तेच करन. तिथी पानी कसं हाय तुमाले मालूम नाही. मले माहं दूध पाहिजे."

"तुहंच दूध घेऊन घरी जाशीन. माही जबान हाय तुले."

वच्छला जबान अशी कोणाला देत नसे. दिली ती दिली.

पहिल्या दिवसांत प्रेमिलाच्या वाटीचं बूडही धड भिजत नव्हतं. वच्छला म्हणाली, होऊ दे, झिऱ्याच्या विहिरीसारखं असते, उपसत राहिलं की पाणी येते, उपसणं सोडलं की बुजते. दिवसा-रात्री, थोड्या-थोड्या वेळानं, लेकरू लावायचं अन् मग हातानं वाटीत पिळायचं. निघेल तेवढं. थेंब तर थेंब. वजन थोडं उतरलं, तेही वच्छलाला अपेक्षित होतं. पण तिला सावनेरला जायचं होतं. तिथल्या नर्सांचं प्रशिक्षण आधीच ठरलेलं, पाच-सहा दिवसांचं, राहायचीही सोय तिथंच.

"पिंके, हिले तुह्या हवाली करते. बाकी काही नको करू, पन हिचं पिळनं चुकलं नाही पाहिजे."

"जा ना ताई. मी मेली का?"

वच्छला सावनेरहून रोज फोन करायची. पिंकी सांगायची, बरं आहे, वाढून राहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वाटी अर्धी भरली ताई." वच्छलानं सावनेरच्या वर्गात ते सगळ्यांना सांगून टाकलं.

ती परतली तेव्हा वाटी अर्धी नाही, भरलेली होती. पांढरं, घट्ट, काठाला लागलेलं. लेकराचं वजन चढलं होतं. गाल आले होते. वच्छलानं खाटेवर बसून प्रेमिलाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. प्रेमिला खाली पाहत होती. बाळंतीण लाजते, वच्छलाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मौद्याची तुकडी आली होती. वच्छलानं त्या साऱ्या नर्सांना प्रेमिलाच्या खाटेभोवती गोळा केलं. मॅडमही आल्या अन् मोबाईलवर चित्रण करू लागल्या. वच्छलानं वाटी हातात घेऊन उंच धरली.

"हे पाहा वं. ह्याच बाईच्या वाटीचं बूड भिजत नव्हतं. डागदरनी असो का सासू, साऱ्या म्हणतेत दूध नाही, दूध नाही. हे काय हाय मंग? ताक हाय का?"

एक सावळी पोरगी मागून म्हणाली, "पन ताई, इतक्या लवकर इतकं?"

"उपसलं तं येते. हिनं उपसलं, अन् हिच्याकडून उपसून घेनारी माही पोट्टी तिथी उभी हाय. ए पिंके, इकडे ये ना!"

पिंकी कोपऱ्यात सलाईनची नळी नीट करत होती. पाठ फिरवलेली. "येते ताई," म्हणाली अन् नळीच नीट करत राहिली. सोबतीला राहिलेल्या प्रेमिलाच्या सासूला खोकला आला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं उगाच चादर झटकली. मौद्याच्या नर्सांनी टाळ्या वाजवल्या. वच्छलानं वाटी खाली ठेवली, अन् त्या दिवशी ती घरी गेली ते पिंकीसाठी कढईभर सांबारवडी करूनच थांबली.

*

वच्छलाला कळलं ते लंगोटातून.

दोन-तीन दिवसांनी दुपारची वेळ होती. सासू आंघोळीला गेलेली, आया दुसऱ्या मजल्यावर. लेकरू ओलं होऊन रडत होतं, म्हणून वच्छलानंच बदलायला घेतलं. लंगोट सोडला अन् तिचा हात थांबला.

आईच्या दुधावरच्या लेकराचं मोहरी वाटल्यासारखं असते. पिवळं, पातळ, दाणेदार, अन् वासही फारसा नाही. आंबूस, बस. हे फिक्कं होतं, लापशीसारखं चिकट, अन् वास मोठ्या माणसाचा. वच्छला जन्मभर हजारो लंगोट पाहून बसली होती. तिनं ते बोटावर घेऊन पाहिलं, पुसलं, लेकराला कोरडं केलं, चांगलं गुंडाळलं. मग खाटेखालची वाटी उचलली अन् नाकाजवळ नेली. गोड वास. तळाला बोटानं चाचपलं तर पिठाची बारीक गुठळी.

चार माणसांत उंच धरली होती ही वाटी. तेव्हा नाक कुठं गेलं होतं? जी बाई लहानपणी डोळे मिटून गाईचं अन् म्हशीचं दूध वेगळं सांगायची, तिला डब्यातल्या पावडरीचा वास आला नाही. यायचा नव्हता, कारण तिला पाहिजे होतं तेच वाटीत दिसत होतं.

"प्रेमिला, पिळून दाखव. माह्यासमोर."

प्रेमिलानं ब्लाउजची गुंडी काढली, छाती दाबली. बोंडावर घाम यावा तसा एक थेंब आला. दुसरी दाबली. तिथं तोही नाही.

"कवापासून नाही पिळलं?"

प्रेमिलानं पदरात तोंड घातलं. "तुमी सावनेरले गेल्या ना, तिसऱ्या रोजी वजन अजून उतरलं. मॅडम चिल्लावल्या. म्हने पोरगी काचेच्या पेटीत ठेवा लागन. मी भेली. मंग पिंकीताईनं डब्याचं दिलं, वाटीत. पोट्टी झोपली. मले बी झोप लागली ताई. किती दिसानं. मंग कोनी पिळाले उठवलं नाही."

"अन् मले?"

"पिंकीताई म्हने, ताईले सांगू नका. त्याईचं मन मोडन."

"तू बी नाही सांगतलं. माह्या हातात वाटी होती, तुह्यासमोर, अन् तू मुंडी खाली घालून बसली."

"तुमी इतक्या खुश होत्या ताई. मले वाटलं, आता सांगतलं तं तुमची फजिती होईन इतक्या नर्साईत."

"मंग नाही सांगतलं तं काय झालं? फजिती नाही झाली?"

शेजारच्या खाटेवरची बाई कूस वळवून भिंतीकडे तोंड करून पडली. वच्छलानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पलीकडच्या खाटेकडे. त्या बाईनंही नजर काढून घेतली. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. झाडूवालीलासुद्धा. अख्ख्या वार्डात एक तिलाच नव्हतं माहीत, अन् शिकवून ती राहिली होती.

पिंकी भांडी उकळायच्या खोलीत होती. वच्छलानं दार लोटलं अन् वाटी तिच्यासमोर टेकवली. पिंकीनं वाटीकडे पाहिलं, गॅस बारीक केला.

"कोनी सांगतलं?"

"पोट्टीच्या गूनं सांगतलं. बाकी कोनी नाही सांगतलं. किती दिवसापासून चालते हे? हे एकच बाई का साऱ्याच?"

पिंकीनं चिमट्यानं उकळत्या पाण्यातला चमचा काढला.

"साऱ्याच," वच्छला म्हणाली.

"साऱ्या नाही. ज्याईचं वजन उतरते त्याईचं. डब्बे मॅडमच आनून ठेवतेत, पॅडच्या कपाटात." पिंकीनं चिमटा ठेवला. "तुमी शिकवलं तसंच केलं ताई. बाटली नाही लावली. वाटीनंच पाजलं."

हे ऐकून वच्छलाला मारल्यासारखं झालं. पोरगी चेष्टा करत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की तिनं शिकवलेलं पाळलं.

"वाटीनंच पाजलं," वच्छला म्हणाली. "बरं केलं माय."

"तुमी सकाळी येता, शिकवता, चार वाजता जाता. रातभर लेकरू रडते तवा मी अन् एक आया. खाली बाप लोकं दारावर लाता मारतेत. मॅडम फोनवर विचारतेत, वजन किती, सुट्टी कवा. हात मांगं बांधून कोनाकोनाजवळ उभी राहू? मले चार हात असते तरी पुरले नसते."

"हे मले सांगाले काय झालं?"

"तुमी ऐकलं असतं?"

"डब्बा औषध म्हनून लागते कवा कवा. मीच दिला असता, माह्या हातानं. पन त्या वाटीत काय हाय हे मले मालूम असतं तं मी हिचं पिळनं थांबू दिलं नसतं. रातभर बसली असती खाटेशी. मले भरली वाटी दाखोली म्हनून मी बेफिकीर राहिली, अन् तिकडे बाईची विहीर बुजली. दूध तुह्या डब्ब्यानं नाही गेलं वं पिंके. तुह्या चूप बसन्यानं गेलं."

पिंकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती तावातच बोलली. "मोठ्या आल्या! तुमचं मन मोडू नये म्हनून केलं. साऱ्याईनं. तुमच्यावर जीव हाय सगळ्याईचा."

"म्हतारी झाली, खेळू द्या तिले. असंच ना?"

पिंकीनं गॅस बंद केला.

वच्छला तिथून मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनं चहा मागवला. मॅडम काही वाईट बोलल्या नाहीत, तेच वाईट होतं. "वच्छलाताई, तुमचं प्रशिक्षण ही या दवाखान्याची शान आहे. ते चालूच राहणार. वार्डातलं रोजचं तुम्ही कशाला मनाला लावून घेता? आम्ही मुद्दामच तुमच्यापर्यंत येऊ देत नव्हतो."

"अन् मोबाईलवर काढलं थे?"

"ते तर सगळ्यांना फार आवडलं. चारशे-पाचशे लोकांनी पाहिलं."

वच्छला चहा तसाच ठेवून उठली.

संध्याकाळी पिंकी नेहमीसारखी घरी आली अन् पाटावर बसली. कुठं जाणार होती? वच्छलानं तिला भाकर वाढली, वांग्याची भाजी वाढली, ठेचा वाढला. स्वतःचं ताट घेतलं नाही.

"तुमी?"

"खाय. अन्नाशी माहं भांडन नाही."

पिंकीनं दोन घास खाल्ले अन् हात धुतले. सकाळी तिची पेटी खोलीत नव्हती. कन्हानहून तिच्या मायचा फोन आला, पोरगी पोचली म्हणून. वच्छलानं बरं म्हटलं.

*

प्रेमिलाला सुट्टी मिळाली तेव्हा वच्छलाला कोणी कळवलं नाही. ती वार्डात गेली तर खाट रिकामी. शेजारच्या बाईनं सांगितलं, पिशवीत डबा देऊन पाठवलं. वच्छलानं मॅडमला आता कामावर येत नाही म्हणून सांगून टाकलं, औषधाच्या दुकानातून एक बारीक नळी घेतली, नाकातून घालायची असते ती, अन् चिकटपट्टी. बाकी काही नाही. खाप्याची बस धरली.

सासू दारात तांदूळ निवडत होती. "आता काहून आल्या बाई? दूध आनलं का पिशवीत?"

"नाही. डब्ब्याचंच दूध दे. चांगलं खदखदा उकळलेल्या पान्यातलं दे, अन् वाटी घे घासून."

"म्हंजे डब्बाच पाजाचा तं तुमी कायले?"

"पाहा तं."

प्रेमिला आत लेकराला घेऊन बसली होती. वच्छलाला पाहून ती उठली नाही. रागावली होती की लाजली होती, तिचं तिलाच माहीत नसावं. वच्छलानंही जवळीक केली नाही. नुसतं काम सांगितलं. नळीचं एक टोक वाटीतल्या दुधात, दुसरं टोक चिकटपट्टीनं बोंडाजवळ. लेकरू छातीला लावलं की त्याला नळीतून दूध येते, म्हणून ते ओढत राहते. ते ओढत राहिलं की छातीला समजते, कोणीतरी मागून राहिलं. वाटी वर धरली की दूध जोरात, खाली धरली की हळू.

पहिल्या दिवशी लेकरानं नळीच थुंकली. दुसऱ्या दिवशी सासू म्हणाली, "गाडीले पेट्रोल भरून राहिल्या का वं?" गोविंदा खदानीतून आला अन् बायकोची छाती नळ्या लावलेली पाहून तसाच बाहेर गेला. वच्छला रोज येत नव्हती, येणं परवडतही नव्हतं, पण एक दिवसाआड यायची. उन्हात सावनेरला बस बदलायची, यायची, बसायची, सांगायची, जायची. हात लावत नव्हती. प्रेमिलाला खोटं एकदाही सांगितलं नाही. दूध नाही आलं त्या दिवशी "नाही आलं" म्हणाली. आलं त्या दिवशी किती आलं ते दाखवलं.

"आज किती वाटते ताई?"

"दोन चमचे असन. जास्त नाही."

"येईन का पुरं?"

"मालूम नाही. उपसत राहा."

जबान तिनं पुन्हा दिली नाही. एकदा देऊन झाली होती.

वाटीतलं दूध उरायला लागलं. आधी थोडं, मग अर्धं. पावसाळा तोंडावर आला तेव्हा एक दिवस प्रेमिलानं नळी न लावता पोरगी धरली, पोटाला पोट, अन् वच्छला दाराशी उंबऱ्यावर बसून कान देऊन ऐकू लागली. गट्ट. थोडं थांबून, गट्ट. सासूनं हातातलं काम थांबवलं. पोरीच्या ओठाच्या कोपऱ्यातून पातळ, निळसर दूध ओघळलं. सासूनं लंगोट सोडून पाहिला, अन् न सांगता वच्छलासमोर धरला. पिवळं, मोहरीसारखं.

"हे बरोबर हाय ना वं बाई?"

"बरोबर हाय. डब्बा आता उचलून ठेव. फेकू नको, पन उचलून ठेव."

प्रेमिला हसली. तिनं पोरीच्या टाळूवर हात ठेवला अन् मोकळं मन करून बोलू लागली. "ताई, त्या दिसात पिंकीताई नसती तं हे वाचली नसती. मी तं रोज तिचं नाव घेते. कशी धावून आली तवा, वाटीत दूध घेऊन."

वच्छलाचा चहा हातात होता. सासूनं प्रेमिलाला कोपरानं ढोसलं. प्रेमिलाला काय चुकलं ते समजलं नाही.

"हो," वच्छला म्हणाली. "वाचोली तिनं."

ते खोटं नव्हतं. त्या दिवशी वजन उतरत होतं, अन् पोरीच्या पोटात काहीतरी गेलं, हे खरंच होतं. पण खाप्याला येणाऱ्या या सगळ्या फेऱ्या, हा उंबरा, या नळ्या, यांना प्रेमिलाच्या तोंडी नाव नव्हतं. वच्छलानं फुर्रकन चहा प्याला अन् बशी खाली ठेवली.

तेवढ्यात प्रेमिलाचा मोबाईल वाजला. पडदा पाहून ती म्हणाली, "घ्या, सौ वर्ष आयुष्य हाय! पिंकीताईच हाय. ते आता मॅडमच्या दवाखान्यात शिकवते ताई, तुमच्या जागी. आठवड्यातून एकदा पोट्टी पाहाले फोन करते." अन् तिनं एका हातानं पोरगी सावरत दुसऱ्या हातानं फोन उचलला. आतून पिंकीचा आवाज आला, तोच, फाटका, घाईचा. "प्रेमिला, कशी हाय वं पोट्टी? वाटीनंच चालू हाय ना?"

"अवं आता पाहा ना ताई, कशी हाय ते! अन् हे कोन बसलं पाहा..." असं म्हणत प्रेमिला फोन वच्छलाकडे वळवू लागली.

वच्छलानं हात आडवा केला.

"पोट्टी पिऊन राहिली थे दाखव तिले. नीट जवळ धर, गिळते थे दिसलं पाहिजे. माहं तोंड नको दाखवू."

प्रेमिलानं फोन छातीकडे वळवला. बराच वेळ नुसता पोरीच्या गिळण्याचा आवाज येत होता. मग फोनमधून हळूच विचारलं गेलं, "तिथी कोन हाय वं प्रेमिला?"

प्रेमिलानं वच्छलाकडे पाहिलं. वच्छला चपला घालत होती. सावनेरची बस चुकली असती तर पुढची उशिरा होती.